तबकडी ते फाइल : जयगडच्या एका कपाटाचा इतिहास

जयगडच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीला लागून एक लोखंडी कपाट आहे. त्यात कपडे नाहीत की भांडी नाहीत, तबकड्या आहेत. मोजल्या तेव्हा ३१२ भरल्या. त्या धाकट्या काकांनी जमवलेल्या. काका बोटीवर होते. खलाशी म्हणून चढले आणि सारंग म्हणून उतरले. रजेवर येताना बरोबरीचे लोक साबण, अत्तर, कापड आणत. काका त्यांच्या जोडीला चित्रपट आणत. २००४ साली ते कायमचे घरी आले. त्या वर्षीच्या शिमग्यात त्यांनी पदरच्या पैशाने एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस बोलावला आणि वाडीचे नमन रात्रभर चित्रित करून घेतले. त्याची डीव्हीडी या ३१२ मध्ये होती.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत वाडीतली तीन-चार पोरे घरी आली. बंद पडलेले नमन त्यांना पुन्हा उभे करायचे होते. मृदुंग वाजवणारे गेले होते, गौळण म्हणणारे बुवाही गेले होते आणि काकाही. ‘‘दादा, बुवांच्या गौळणीची चाल कुणालाच धड येत नाही. तुमच्याकडे ती सीडी आहे ना?’’ एवढेच त्यांनी विचारले. आमच्याकडे कुठल्याही चकचकीत तबकडीला सीडीच म्हणतात. तबकडी सापडली. गण झाला, गौळण सुरू झाली, दोन ओळी होतात न होतात तोच चित्र थिजले, त्याचे चौकोनी तुकडे झाले आणि यंत्र नुसते घरघरत राहिले. पोरे काही बोलली नाहीत. चहा घेऊन गेली.

त्यानंतर कपाटातली प्रत्येक तबकडी संगणकावर उतरवून घ्यायचे मी ठरवले. या कामाला दोन पावसाळे लागले. सुरुवातीला वाटले होते की हे तंत्राचे काम आहे. एखादे सॉफ्टवेअर घ्यायचे, तबकडी सरकवायची, बटण दाबायचे. पण एकेक तबकडी हातात घेताना लक्षात येत गेले की गेल्या चाळीस वर्षांत कोकणातल्या घरांत चित्र आणि आवाज कसे आले, कोणत्या वाटेने आले आणि कुठे हरवले याचा सगळा दप्तरखाना या कपाटात आहे. प्रत्येक नव्या साधनाने जुन्या साधनावरचे काही उचलले आणि बाकीचे टाकून दिले. काय उचलायचे हे त्या त्या वेळी कुणी विचार करून ठरवलेच नाही. या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच.

बंदरावरून आलेली चित्रे

शास्त्री नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी जयगड आहे. विजापूरकरांच्या काळात उभा राहिलेला किल्ला पुढे आंग्र्यांकडे गेला आणि १८१८ साली इंग्रजांकडे. किल्ल्याचे राजकारण संपले तरी बंदराचे संपले नाही. मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगबोटी इथे थांबत, पडाव किनाऱ्यावरून उतारू घेऊन बोटीला लागत. आता त्याच परिसरात खासगी बंदर आणि औष्णिक वीज प्रकल्प आहे, आणि पलीकडच्या तवसाळला जायला फेरीबोट आहे. या किनाऱ्याला बाहेरची वस्तू रत्नागिरीच्या बाजारातून जितकी येते तितकीच समुद्रावरून येत आली आहे.

चलच्चित्राचे तेच झाले. सत्तरच्या दशकात आखाती देशांत तेलाच्या पैशाने कामे निघाली आणि रत्नागिरी जिल्ह्यातून, विशेषतः कोकणी मुस्लीम घरांतून, माणसे तिकडे गेली. येताना टेपरेकॉर्डर आला. अनेक घरांत पत्राऐवजी कॅसेट जाऊ-येऊ लागली. लिहिता न येणारी आई मुलाशी अर्धा तास बोलू शकली. त्यामागून व्हीसीआर आला. जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धत १९७६ साली बाजारात आणली होती. भारतात १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि रंगीत संच व व्हीसीआर आत येण्याची वाट थोडी मोकळी झाली.

मुंबईत शेमारू हे १९६२ साली पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय म्हणून सुरू झाले होते. १९७९ साली त्यांनी व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. पुस्तकाच्या वाचनालयातून कॅसेटचे वाचनालय निघाले, हे वाङ्मयीन मासिकाच्या वाचकाला नोंद घेण्यासारखे वाटावे. गावोगावी मग सत्यनारायणाच्या पूजेला, बारशाला, गणपतीच्या जागरणाला एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायची रीत पडली. अंगणात चादर अंथरायची आणि उजाडेपर्यंत तीन चित्रपट पाहायचे. भाडे रात्रीचे असल्यामुळे झोपणे परवडत नसे.

आमच्या कपाटात व्हीएचएसची एकही फीत नाही. काकांनी १९९९ च्या सुमारास व्हीसीआर विकला आणि फिती कुणाकुणाला वाटून टाकल्या. त्यांत आत्याच्या लग्नाची फीत होती. ती कुणाकडे गेली हे आता कुणालाही सांगता येत नाही. आमच्या घरातली पहिली चाळण ती.

अर्ध्यावर बदलायची तबकडी

कपाटातल्या १४१ तबकड्या व्हीसीडी आहेत. या पद्धतीचे नियम १९९३ साली पक्के झाले. गाण्याच्या सीडीवरच दाबून बसवलेले चित्र ठेवायचे, अशी ती युक्ती होती. एका तबकडीवर ७४ मिनिटे मावत. म्हणून मराठी चित्रपट दोन तबकड्यांचा, लांबलेले नाटक तीन तबकड्यांचे. मध्यंतर दिग्दर्शकाने ठेवलेले नसे, तबकडी संपली की ते होई. चित्राचा आकार आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके. आज मोबाईलवरही ते धुरकट दिसते. पण यंत्र स्वस्त होते, तबकडी स्वस्त होती आणि तिला कुलूप नव्हते.

स्वस्ताईने मोठे काम केले. ध्वनिफितीच्या काळात भारतातल्या लोकगीतांच्या बाजाराचे काय झाले, हे पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात मांडले आहे. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या दाराशी जाऊ न शकणारा प्रादेशिक गायक कॅसेटमुळे बाजारात आला, हा त्याचा गाभा. व्हीसीडीने तेच चित्रासह केले. रत्नागिरीत, चिपळुणात, लालबाग-परळच्या दुकानांत जाखडीच्या आणि शक्ती-तुऱ्याच्या व्हीसीडी मिळू लागल्या. गणपतीला गावी येणारा चाकरमानी जाताना त्या मुंबईला घेऊन जाई आणि चाळीत लावी. नाचाची चाल एका तालुक्यातून दुसऱ्यात अशी गेली. गावचा शाहीर प्रथमच स्वतःचे नाचणे स्वतः पाहू शकला.

२००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर या कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. वडापावच्या गाडीशेजारी, एसटी स्टँडवर, किराणा दुकानात चित्रपट लटकू लागले. ज्या घरात कधी पुस्तकांचे कपाट नव्हते तिथे तबकड्यांचे झाले. पण हा काळ दहा वर्षेही टिकला नाही. स्वस्त इंटरनेट आले आणि तबकडीचे दुकान मोबाईल रिचार्जचे दुकान झाले. २०१८ साली मोझर बेअर कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली. आता नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची फटही नसते. उतरवण्याचे काम करायला मला यूएसबीला जोडायचा वेगळा ड्राइव्ह विकत घ्यावा लागला.

मुलखामुलखाचे कुलूप

डीव्हीडी प्रथम १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये विक्रीला आली. सीडीपेक्षा आखूड लहरीचा लेझर, त्यामुळे अधिक बारीक खुणा, त्यामुळे त्याच आकारात ४.७ गिगाबाइट, दोन थर असले तर साडेआठ. चित्र व्हीसीडीच्या जवळजवळ चौपट ठिपक्यांचे. पण चित्रपट कंपन्यांना भीती होती, की इतके स्वच्छ चित्र लोक सहज उतरवून घेतील. म्हणून तबकडीला दोन बंधने आली.

पहिले बंधन मुलखाचे. जगाचे सहा भाग पाडले गेले. अमेरिका-कॅनडा १, युरोप, जपान आणि आखाती देश २, आग्नेय आशिया ३, चीन ६. भारत ५ मध्ये, रशिया आणि बहुतेक आफ्रिकेसोबत. एका भागाची तबकडी दुसऱ्या भागाच्या यंत्रात चालू नये, म्हणजे तिथला चित्रपट तिथे लागेपर्यंत त्याची तबकडी बाहेरून यायची नाही. विमाने आणि प्रवासी जहाजे यांच्यासाठी ८ हा वेगळाच क्रमांक ठेवला होता. खलाशाच्या संग्रहापुढे या वाटणीचे हसे होते. काकांच्या कपाटात सिंगापूरच्या, दुबईच्या आणि अमेरिकी बंदरांतल्या तबकड्या शेजारी शेजारी आहेत. संगणकाचा ड्राइव्ह मुलूख फक्त पाच वेळा बदलू देतो, मग शेवटच्या मुलखावर कायमचा अडकतो. काका मात्र सर्व मुलखांचे चालवणारे यंत्र कधीच घेऊन आले होते. हिंदी-मराठी तबकड्यांना ही अडचण सहसा नसते. परदेशातल्या आपल्या माणसांनाही त्या विकायच्या असल्याने बहुतेकींवर मुलखाची खूणच नसते.

दुसरे बंधन सांकेतिक कुलपाचे. ते सीएसएस या नावाने ओळखले जाते. किल्ली अवघी ४० बिटांची. १९९९ साली नॉर्वेमधल्या योन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव असलेला ‘डीसीएसएस’ हा कुलूप काढणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला. स्वतः विकत घेतलेली तबकडी लिनक्स संगणकावर पाहता यावी, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. त्याच्यावर खटला झाला. २००३ च्या जानेवारीत तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अपिलातही तो निकाल टिकला. स्वतःच्या वस्तूचे कुलूप स्वतः उघडणे ही चोरी होते का, हा प्रश्न त्या खटल्याने जगापुढे ठेवला.

आपल्याकडचे उत्तर शोधायला कायद्याकडे जावे लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी केलेल्या रास्त उपयोगाला मुभा होती. पण त्यात साहित्य, नाट्य, संगीत आणि कला यांचीच नावे होती, चित्रपटाचे नव्हते. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुभा संगणक प्रोग्रॅम सोडून ‘कोणत्याही’ कृतीला लागू केली. त्याच दुरुस्तीत ६५अ हे नवे कलम आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा त्याने गुन्हा ठरवला. पण कायद्याने मना न केलेल्या कामासाठी केलेली कृती त्यातून वगळली. म्हणजे आपल्याच तबकडीची घरात पाहण्यासाठी प्रत करणे आणि तीच प्रत पन्नास जणांना पाठवणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. लोककलेच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंतालाही स्वतःचा हक्क मिळाला. नमनाची तबकडी आमच्या कपाटात होती म्हणून ते नमन आमचे होत नाही.

साधनासाठी केलेली नक्कल

काम सुरू करताना एक गोष्ट कळली. हे काम आमच्या घरात आधी एकदा झाले होते. २००७-०८ मध्ये भाच्याने काकांच्या तीसेक तबकड्या ‘कन्व्हर्ट’ केल्या होत्या. २००५ साली चित्र दाखवणारा आयपॉड निघाला होता. त्याचा पडदा आडवे ३२० आणि उभे २४० ठिपक्यांचा. भाच्याने त्या मापाच्या फाइली केल्या. काही नोकियाच्या फोनसाठी थ्रीजीपी पद्धतीत केल्या, त्या १७६ बाय १४४ च्या. त्या काळी मोबाईलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्ड भरून मिळे, तसाच हा घरगुती कारखाना. काम झाल्यावर त्यातल्या सात तबकड्या, आता कशाला हव्यात म्हणून, भंगारात गेल्या.

त्या सातांपैकी एक माझ्या मुंजीची होती. व्हीएचएसवरून आधीच डीव्हीडीवर उतरवलेली. आज ती फक्त टपाल तिकिटाएवढ्या चित्रात उरली आहे. टीव्हीवर लावली की आजीचा चेहरा म्हणजे चार-सहा चौकोन. आवाजही खालच्या दर्जाचा. मंगलाष्टकांत कोण गात आहे ते ओळखू येत नाही. आयपॉड कधीच बंद पडला, नोकियाही गेला, त्यांच्यासाठी केलेली नक्कल उरली, पण ती आता कुठल्याच पडद्याला पुरत नाही. भाच्याची चूक म्हणावी तर त्याने सर्वांनी केले तेच केले. हातात जे साधन होते, त्याच्या मापाने त्याने कापड बेतले आणि उरलेले कापड फेकले.

म्हणून या वेळी आधी संपूर्ण तबकडीची जशीच्या तशी प्रतिमा उतरवून घेतली. मेनू, उपशीर्षके, दुसऱ्या भाषेतले संवाद, सगळे. एका तबकडीला चार ते आठ गिगाबाइट. ३१२ तबकड्यांना मिळून एक टेराबाइटहून थोडी अधिक जागा लागली. एवढी जागा आज तळहातावरच्या हार्ड डिस्कवर मावते. ही झाली मूळ प्रत. तिच्यातून मग वापरायच्या प्रती काढल्या. अभिलेखागारात जतनाची प्रत आणि वाचकाच्या हाती द्यायची प्रत वेगळी ठेवतात, तीच रीत.

वापरायच्या प्रतींसाठी मी हँडब्रेक हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. तो २००३ पासून आहे. त्याच वर्षी पक्क्या झालेल्या एच.२६४ पद्धतीत दोन तासांचा चित्रपट एक-दीड गिगाबाइटमध्ये बसतो आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. पुण्याच्या पुतणीला फोनवर पाहायचे असते, शारजाच्या चुलतभावाला मोठ्या टीव्हीवर, जयगडच्या काकीला जुन्या टीव्हीला मागून लावलेल्या पेन ड्राइव्हवर. तिघांनाही एमपी-४ फाइल चालते. काकीचा टीव्ही फक्त एफएटी-३२ पद्धतीचा पेन ड्राइव्ह ओळखतो आणि त्यावर चार गिगाबाइटहून मोठी फाइल बसतच नाही. म्हणजे मूळ प्रत तिला देता येत नाही, लहानच द्यावी लागते. उद्या या तिघांची साधने बदलली तरी हरकत नाही. मूळ प्रत घरात आहे. तिच्यातून पुन्हा काढता येईल.

दोन गोष्टी मात्र हाताने पाहाव्याच लागल्या. लग्न-मुंजीचे कॅमेरे चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींत टिपत. नव्या पडद्यावर ते लावले की हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. उतरवतानाच ते विंचरून घ्यावे लागतात. आणि चित्राची रुंदी चुकली, की सगळे नातेवाईक एकदम लठ्ठ होतात. काकीने पहिल्याच दिवशी विचारले, ‘‘मी एवढी कधी होते रे?’’

खारा वारा आणि बुरशी

तबकडी अमर आहे अशी एके काळी जाहिरात असे. विकत घेतलेल्या डीव्हीडीत प्लास्टिकच्या दोन पातळ चकत्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असतो आणि माहिती साच्याने दाबलेली असते. घरी किंवा फोटोग्राफरकडे लिहिलेल्या तबकडीत रंगाचा थर असतो आणि लेझरने तो जाळून खुणा केलेल्या असतात. हा रंग ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी उतरत जातो. पावसाळ्यातले चार महिने जिथे मीठ पाणी सोडते आणि चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते, तिथे त्याचे काय होणार? २००१ साली स्पॅनिश शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण दमट देशातून आलेल्या एका सीडीवर बुरशी शोधली. ती नुसती वर वाढलेली नव्हती. कडेने आत शिरून प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम खात गेली होती. ते वाचताना मला आमचे कपाट आठवले.

कपाटातला हिशेब असा निघाला. विकत घेतलेल्या १४९ डीव्हीडींपैकी सहाच वाचता आल्या नाहीत. घरी किंवा फोटोग्राफरकडे लिहिलेल्या २२ पैकी मात्र नऊ खराब होत्या. म्हणजे जे चित्रपट जगात इतरत्रही आहेत ते सुखरूप, आणि ज्यांची दुसरी प्रत पृथ्वीवर कुठेच नाही त्या तबकड्या आधी गेल्या. मी मात्र सुरुवात चित्रपटांपासून केली होती, कारण त्यांची वेष्टने देखणी होती. पहिला पावसाळा त्यात घालवला. पुन्हा करायचे झाले तर आधी त्या २२ घेईन, मग जाखडीच्या व्हीसीडी, कारण त्या काढणारे छोटे निर्माते आता शोधून सापडत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी चित्रपट.

घरात झाले तेच देशात झाले आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. चार रिळांच्या त्या चित्रपटाची पहिली आणि शेवटची रिळेच आज पाहायला मिळतात. तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य घालवून रिळे गोळा केली म्हणून मूकपटांचे जे थोडेबहुत आहे ते आहे. आणि जपलेलेही जाते: ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागून जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. ज्याची प्रत झाली होती ते उरले.

खासगी संग्राहकांनी हे ओळखून केलेले एक काम मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे आहे. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू झाली. तिच्या सुरेश चांदवणकरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त अभिलेख योजनेतून ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या स्वदेशी छापाच्या तबकड्यांचे ध्वनी संगणकावर उतरवून घेतले. कंपनी कधीच बंद पडली होती. तिच्या तबकड्या होत्या त्या लोकांच्या घरांत, माळ्यांवर आणि जुन्या बाजारात. घरातल्या कपाटाला अभिलेखागाराचे मोल येते ते असे.

पाठशुद्धी

नक्कल करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. छापखाना येण्याआधी सगळे वाङ्मय नकलांवरच जगले. पण नक्कल करताना ओळ गळते, शब्द बदलतो. ज्ञानेश्वरीचे तेच झाले होते, म्हणून नाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. फाइलीची नक्कल गळत नाही असे आपण समजतो, तीही गळते. डिस्कचा एखादा कोपरा खराब होतो आणि फाइल आतून कुजते, बाहेरून नाव तेच राहते. यावर उपाय सोपा आहे. संगणक प्रत्येक फाइलीचा एक तपासणी-अंक काढून देतो. फाइलीतले एक अक्षर हलले तरी तो पूर्ण बदलतो. दर दिवाळीला दोन डिस्कांवरचे अंक ताडून पाहायचे, जुळले नाहीत तर चांगल्या डिस्कवरून पुन्हा नक्कल करायची.

आणि नावे लिहायची. तबकडीवर स्केच पेनने ‘लग्न’ एवढेच लिहिलेले असते. कोणाचे, कधीचे? आत ‘व्हीटीएस झिरो वन’ अशी यंत्राने दिलेली नावे. काकी शेजारी बसली म्हणून मला २२ पैकी १९ तबकड्यांतली माणसे ओळखता आली. आज काकी ८१ वर्षांची आहे. दहा वर्षांनी हेच काम करायला बसलो असतो, तर फाइली उतरल्या असत्या, माणसे उतरली नसती.

गौळण

नमनाची तबकडी मी शेवटी घेतली, कारण तिची भीती वाटत होती. बिघडलेली तबकडी पुन्हा पुन्हा नुसती चालवून पाहिली की यंत्र वाईट जागेवर डोके आपटत बसते. त्याऐवजी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आधी सगळे निरोगी भाग उचलतो, वाचता न आलेल्या जागांची यादी करतो आणि मग फक्त त्या जागांवर परत परत येतो. ड्राइव्ह बदलला तरी यादी पुढे चालू ठेवता येते. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते कधीकधी दुसऱ्याला दिसते. मी तीन ड्राइव्ह वापरले. त्यातला एक भंगारातून आणलेल्या जुन्या संगणकाचा होता आणि त्यानेच सर्वांत जास्त वाचले. अकरा रात्री ते चालू होते.

सहा मिनिटांच्या गौळणीतली ४० सेकंद मिळाली नाहीत. बाकी सगळे मिळाले. मृदुंगाची थाप, मागे झांजा, साडी नेसलेली वाडीतली पुरुषमंडळी, संकासुराने पोरांच्या अंगावर धावून जाणे, आणि एका बाजूला खुर्चीवर बसलेले काका, हातात बॅटरी.

पोरांना बोलावून ते दाखवले. चाल त्यांनी दोन बैठकींत उचलली. हरवलेल्या ४० सेकंदांतले शब्द खालच्या घरातल्या एका आजींना येत होते. बायकांनी नमनात कधी गायचे नसे, पण जन्मभर समोर बसून त्यांनी ते ऐकले होते. चाल मात्र त्यांना त्या दोन ओळींपुरती सांगता येईना. तिथे बुवा काहीतरी वेगळे घेत असत, एवढेच त्या म्हणत. पोरांनी त्या ओळींना स्वतःची चाल लावली. गेल्या शिमग्यात ती म्हटली. म्हाताऱ्यांना फरक कळला, कुणी हरकत घेतली नाही.

त्या फाइलीची एक प्रत आता मंडळाकडे आहे, एक पुण्याला, एक शारजाला, एक कपाटात. ती इंटरनेटवर टाकायची की नाही हे मंडळ ठरवेल. फाइलीबरोबर मी एक कागद ठेवला आहे. त्यावर तारीख, ठिकाण, मृदुंगावर कोण, झांजेवर कोण, गौळणीत कोण आणि संकासूर कोण ही नावे आहेत. खाली एक ओळ आहे : गौळणीत दोन ओळींनंतर ४० सेकंद नाहीत; शब्द आजींकडून लिहून घेतले आहेत, चाल नवी आहे.